चार हलते दात

माझ्या वरच्या पुढच्या दोन दातांत फट नव्हती. लग्नातल्या फोटोत नाही, प्रज्ञाच्या बारशाच्या फोटोत नाही. ऑफिसच्या ओळखपत्रासाठी नवा फोटो काढला, तो हातात आला तेव्हा मला वाटलं छपाईत काहीतरी काळं उमटलंय. नखानं खरवडून पाहिलं. गेलं नाही. घरी येऊन आरशासमोर उभी राहिले आणि ओठ वर केला. फट होती. डावीकडचा दात शेजारच्यापेक्षा खाली उतरला होता, थोडा बाहेरही वळला होता. मी त्याला अंगठ्यानं हळूच दाबलं. दात हलला.

तेव्हा मी तेहतीस वर्षांची होते. कोयनानगरच्या कॉलनीत आमचं क्वार्टर. माझे मिस्टर गौतम पॉवर हाउसमध्ये पाळीवर जायचे, मी ऑफिसच्या टेलिफोन बोर्डावर ऑपरेटर होते, आणि प्रज्ञा चौथीत होती. दात घासताना रक्त यायचं, ते कित्येक वर्षं यायचं. ब्रश कडक असेल म्हणून मी ब्रश बदलायचे, पेस्ट बदलायचे. दुखत काहीच नव्हतं. न दुखणाऱ्या गोष्टीसाठी डॉक्टरकडे कोण जातं?

हार्ट, किडनी, कॅन्सर यांच्याबद्दल लोक लिहितात. दात म्हटलं की ऐकणारा हसतो. म्हणून हे लिहिते आहे. पुढची दोन-अडीच वर्षं मी जेवढी घाबरले तेवढी बाळंतपणातही घाबरले नव्हते, आणि ती भीती कुणाला सांगायचीही लाज वाटत होती.

साताऱ्यातला दिवस

साताऱ्याला माझी नणंद राहते. तिच्या ओळखीच्या दातांच्या डॉक्टरांकडे गेले. मनात एकच होतं. खुर्चीत बसल्याबसल्या विचारलं, "डॉक्टर, कॅन्सर नाही ना?"

"छे हो," ते म्हणाले. त्या 'छे'नं मला हायसं वाटायला हवं होतं. पण त्यांनी एक्सरे काढला, तो उजेडाकडे धरला, फिरवून पुन्हा धरला. मग म्हणाले, "पायोरिया आहे. आतलं हाड झिजलंय. पुढचे चार काढावे लागतील. मागचेही फार दिवस टिकतील असं नाही. काळजी करू नका, कवळी बसवू. आताच्या दातांपेक्षा छान दिसेल."

मी एक्सरेकडे पाहिलं. पांढरे दात दिसत होते आणि त्यांच्या मुळांशी हाड असायला हवं तिथे काळं होतं. जमीन वाहून गेली आणि झाडं नुसती उभी राहिली, तसं. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण एवढं कळलं.

त्या डॉक्टरांवर माझा राग नाही. त्यांना जे दिसलं ते त्यांनी सांगितलं, आणि त्यांच्याकडे जो इलाज होता तो सांगितला. पण मी पायऱ्या उतरून खाली आले तेव्हा पदर तोंडावर धरलेला होता. कधी धरला ते आठवत नाही. एसटी स्टँडवर उभी असताना माझ्या लक्षात आलं की माझी आई अशीच उभी राहते.

आई

आईचं गाव फलटणकडचं. वडील साखर कारखान्यात होते. आईचे दात पस्तिशीच्या आत सगळे गेले. मला कळायला लागल्यापासून तिच्या तोंडात कवळी आहे आणि हसताना तोंडावर पदर आहे. बुद्धविहारात माझं लग्न झालं, त्या फोटोंत सगळे हसताहेत आणि आईचे नुसते डोळे दिसतात. आम्ही भावंडं समजायचो की ती लाजाळू आहे. तिच्या दातांबद्दल घरात कोणी बोलायचं नाही आणि कवळीशिवायचं तिचं तोंड मी कधी पाहिलं नव्हतं.

म्हणजे हे माझ्याकडे तिच्याकडून आलं होतं. आणि माझ्याकडून कुणाकडे जाणार होतं, तेही माझ्या लक्षात आलं. त्या दिवशी घरी गेल्यावर मी प्रज्ञाला ओठ वर करायला लावला. हिरडी गुलाबी होती. तरी मला झोप लागली नाही.

खाणं बंदच झालं म्हणा ना. पेरू नाही, उसाचं कांडं नाही, कणीस नाही. भाकरी कालवणात भिजवून मागच्या दातांनी चावायची. बोर्डावर बसले की दोन कॉलच्या मधे जीभ त्या दाताकडे जायची. आहे ना? आहे. कालच्यापेक्षा जास्त हलतोय का? हो, वाटतंय खरं.

गौतमला सांगितलं तर तो शर्टाची बटणं लावत म्हणाला, "मग काढून टाक की. आईंनी काढलेच ना? जेवतात, बोलतात, काय अडलंय त्यांचं?"

"तुमचे काढा मग."

"माझे हलत न्हाईत."

त्यावर आम्ही जे भांडलो ते इथे लिहीत नाही. शेवटी तो म्हणाला, "या वयात दिसण्याचं एवढं काय घेऊन बसलीस?" आणि पाळीवर निघून गेला. दिसण्याचं नव्हतंच ते. पण मग कशाचं होतं, हे मलाही त्याला नीट सांगता आलं नसतं.

सांगलीचे मॅडम आणि सर

आम्ही ऑपरेटर एकमेकींना आवाजानं ओळखायचो. सांगलीच्या एका ऑफिसातल्या बोर्डावर सुमनताई असायच्या. त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. एकदा लाइन मोकळी होती तेव्हा त्या म्हणाल्या, "आवाज का असा पडलाय गं?" आणि मी त्यांच्यापाशी रडले. चेहरा न पाहिलेल्या माणसापाशी रडणं सोपं असतं.

"काढायचे तर कधीबी काढता येतात," त्या म्हणाल्या. "आधी आमच्या इथल्या मॅडमना दाखव. माझ्या भावजयीचे वाचवले त्यांनी."

कऱ्हाडला गाडी बदलून मी आणि गौतम सांगलीला गेलो. तो आला खरा, पण वाटभर खिडकीबाहेर बघत होता. इस्लामपूर सोडल्यावर एकदम म्हणाला, "माझा बा साध्या हर्नियासाठी दवाखान्यात गेला. चालत गेला. आन् भाईर आला न्हाई." एवढंच. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, सासरे दवाखान्यात वारले हे मला माहीत होतं, पण गौतमच्या तोंडून हे मी पहिल्यांदा ऐकत होते. मी त्याच्या हातावर हात ठेवला. त्यानं काढून घेतला नाही.

दवाखाना नवरा-बायकोचा होता. मॅडम हिरड्यांच्या डॉक्टर, सर वाकडे दात सरळ करणारे. मॅडमनी बारीक सळईनं एकेका दाताभोवती खोली मोजली. मग हातमोजे काढून माझ्यासमोर स्टूल ओढून बसल्या.

"खोटं सांगू का खरं?"

"खरंच सांगा."

"चारातले दोन वाचतील असं मला वाटतं. तिसरा कदाचित. हा डावा जो खाली उतरलाय, त्याचं मी काही सांगू शकत नाही. पण काढायची घाई करू नका. आधी हिरड्या. त्या शांत झाल्या तर दात जागेवर आणायचं बघू. नाही झाल्या, तर काहीही हलवायचं नाही."

'वाचतील' हा शब्द मी कोयनानगरपर्यंत तोंडातल्या गोळीसारखा पुरवून पुरवून चघळला.

हिरड्या उघडल्या तो दिवस

आधी खोलवर सफाई झाली, अनेक वेळा. मग मॅडम म्हणाल्या की हिरडी थोडी उघडून आतून साफ करावी लागेल. ऑपरेशन म्हणू नका, छोटंसं काम आहे, तासाभरात घरी. गौतमला मी 'सफाई' एवढंच सांगितलं, हिरडी उघडणार म्हटलं असतं तर त्यानं मला घरातच बसवलं असतं, आणि सोबतीला आईला बोलावलं.

इंजेक्शननं वरचा ओठ नाहीसा झाला. दुखत नव्हतं, पण खरवडल्याचा आवाज कवटीच्या आतून यायचा. डोळे मिटले तर आवाज वाढायचा, उघडले तर दिव्यात मॅडमच्या हातमोज्यावरचं लाल दिसायचं. मी खुर्चीचे हात इतके आवळले होते की मॅडम मधेच थांबल्या. "शकुंतलाताई, श्वास घ्या. तुम्ही श्वास घेत नाही आहात." खरंच घेत नव्हते.

काम झाल्यावर टाक्यांवर खिडकीच्या काचेला लावतात त्या लांबीसारखं गुलाबी काहीतरी थापलं आणि बाजूच्या खोलीत बसायला सांगितलं. आई तिथे माझ्या चपला मांडीवर घेऊन बसली होती. चपला का, हे तिलाही माहीत नव्हतं. दारात काढल्या तेव्हा उचलल्या आणि तशाच धरून राहिली. मला बघितल्यावर तिनं चपला खाली ठेवल्या, दाराकडे पाहिलं, दार लोटलं. मग पाठ न फिरवता, पदर न घेता तिनं कवळी काढून हातावर ठेवली.

तिचे गाल आत गेले. माझी आई एका क्षणात म्हातारी झाली.

"ही बघ," ती म्हणाली. शब्द नीट उमटत नव्हते. "पयल्यांदा घातली तवा वाटलं, परक्याचं कायतरी तोंडात धरलंय. आजून वाटतंय. भाकरीची चव लागती, पर पयल्यासारखी न्हाई. तुझा बा म्हनायचा, चांगली दिसतीस की. दिसायचं कोन बोलतंय?" तिनं कवळी पुन्हा बसवली, ओठ पुसले. "डाक्टरनं सुई टोचली आन् एकेक करून समदं काढलं. लोक म्हनायचे मिशरीनं गेलं. मी मिशरी कवाच लावली न्हाई, शके. पर मला कुनी इचारलंच न्हाई. ठेवायचे का काढायचे, कुनी इचारलं न्हाई. तुला इचारत्यात तर सांग."

माझा ओठ अजून बधिर होता. मी मान हलवली. मग तिनं डब्यातून आणलेली गार आंबील मला चमच्यानं पाजली.

टाके काढल्यावर आरसा पाहिला तो दिवस सगळ्यांत वाईट. हिरड्या वर सरकल्या होत्या. दात लांब झाले होते, मधे काळी त्रिकोणी भोकं, आणि फट आधीपेक्षा मोठी. ज्यासाठी एवढं सोसलं ते आणखी बिघडलं, असंच मला वाटलं. मॅडम म्हणाल्या होत्या की असं दिसेल. मी ऐकलंही होतं. पण ऐकणं वेगळं आणि बघणं वेगळं. ज्यांचं हे व्हायचं आहे त्यांना सांगते, सूज उतरल्यावर हिरडी आक्रसते आणि दात असे दिसतात. बिघडलं असा त्याचा अर्थ नसतो.

प्लेट की तारा

काही महिन्यांनी मॅडम खूश झाल्या. रक्त थांबलं होतं. आता दात आत ओढून जागेवर आणायचे, नाहीतर खालचे दात त्यांना ढकलत राहणार आणि ते पुन्हा ढिले होणार. कसे आणायचे, यावर मी खुर्चीत तोंड उघडून बसलेली असताना त्या नवरा-बायकोचं वाजलं.

"प्लेट दे," मॅडम म्हणाल्या. "काढून घासता येईल. तारांभोवती अन्न अडकलं, हिरडी पुन्हा सुजली, तर वर्षभराचं सगळं वाया."

"प्लेटनं दात कलतो, सरकत नाही," सर म्हणाले. "आणि ही काढ-घाल. एवढ्याशा हाडात उभा असलेला दात एकदा इकडे, एकदा तिकडे. तो आणखी ढिला होईल. तारेनं मी हळू आणि हवा तिकडे नेऊ शकतो."

"आणि तुटलं तर?"

"तू सफाई बघ, तुटणार नाही."

मी तोंडातला आरसा बाजूला केला. "मग मी काय करू?"

सरांनी स्टूल जवळ ओढलं. मग सर म्हणाले, "ताई, धोका दोन्हीत आहे. कशात कमी, यावर आमचं एकमत होत नाही. तुम्ही ठरवा. आज नाही, पुढच्या वेळी."

"न दिसणारं असं काही नसतं का?"

"परदेशात पारदर्शक साचे करायचं चाललंय असं ऐकतो. आपल्याकडे यायला वेळ आहे. आणि तुमच्या केसमध्ये ते चालतील की नाही, तेही मला सांगता येणार नाही."

परतीच्या एसटीत मी दोन्हींची कल्पना करत होते. तारा म्हणजे दाताला बांधलेली दोरी, आणि दात तर आधीच हलतोय. एका सकाळी उठेन आणि तारेला लटकलेला दात जिभेला लागेल. शिवाय तारा या शाळेतल्या मुलींना लावतात. प्लेट मात्र काढता येते. 'काढता येते' एवढ्या दोन शब्दांना मी धरून बसले. नको वाटलं तर काढता येईल, बिघडतंय वाटलं तर काढता येईल. खरं सांगायचं तर मी प्लेट निवडली ती विचार करून नाही, घाबरून.

सात की साठ

प्लेट गुलाबी प्लास्टिकची, टाळूला चिकटून बसणारी, पुढून एक तार. जेवताना आणि घासताना काढायची, बाकी सतत. मी एक दिवसही चुकवली नाही.

पण जीभ टाळूला लागेना. त, ठ, स, च सगळे एकमेकांत मिसळले. प्रज्ञा हसली, मीही हसले. म्हटलं होईल सवय. घरात कामापुरतं जमतही होतं. बोर्डावर मात्र माझा चेहरा कुणाला दिसत नाही, तिथे माझ्याकडे आवाजाशिवाय काही नाही.

पावसाळ्यात धरणातून सोडलेल्या पाण्याचे आकडे फोनवरून खाली कळवायचे असतात. त्या दिवशी पाऊस लागून राहिला होता आणि लाइनमध्ये खरखर होती. मी आकडा सांगितला, "सात हजार."

पलीकडच्या माणसानं आकडा लिहायला घेतला. मग ओरडला, "साठ हजार?"

"सात!"

"साठच म्हणताय ना बाई? नीट बोला, खाली गावं आहेत!"

मी प्लेट तोंडातून उपसून काढली, मुठीत धरली आणि म्हटलं, "सहानंतरचा सात. सात. सात." पुढे काही झालं नाही, आकडा दुरुस्त झाला, प्रत्येक आकडा दोनदा वाचून दाखवायची पद्धतच होती. पण साहेबांनी मला बोलावलं. ते चांगले माणूस होते. म्हणाले, "शकुंतलाबाई, तोंडाचं काम होईपर्यंत तुम्ही आतल्या टेबलावर बसा. बोर्ड दुसरं कोणी बघेल." मी हो म्हटलं आणि आतल्या टेबलावर जाऊन बसले. पुढचे कितीतरी आठवडे पलीकडून बोर्डाची घंटी वाजायची आणि माझा हात आपोआप उठायचा.

हेही चाललं असतं, पण सांगलीला गेल्यावर सरांनी दात पाहिला आणि ओठ घट्ट मिटले. दात आत आला होता, पण पडत्या भिंतीसारखा कलून. आणि आधीपेक्षा जास्त हलत होता. मॅडमनी स्वतः हलवून पाहिलं. दोनदा. मग सरांकडे वळून त्या म्हणाल्या, "तारा लाव."

आता दोघांचं एकमत झालं होतं. मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. भांडत होते तोवर दुसरा रस्ता शिल्लक होता.

तारा

प्रत्येक दातावर छोटी चौकट चिकटवली, त्यातून तार ओवली. सरांनी इतकी बारीक तार घेतली होती की मला वाटलं ही काय करणार. संध्याकाळपर्यंत कळलं. दात ठणकायला लागले, आणि मग चारही हलायला लागले. जे पक्के झाले होते तेसुद्धा. मी दुसऱ्या दिवशी ऑफिसातून सांगलीला फोन लावला.

"सर, सगळेच हलतायत!"

"हलणारच. हलल्याशिवाय सरकेल कसा?"

"पण पडला तर?"

मागून मॅडमचा आवाज आला, "मला दे." आणि मग, "रक्त येतंय का? नाही ना? मग भात खा आणि झोप. रक्त आलं तर मात्र त्याच दिवशी ये. तारीख बघू नकोस."

अहोजाहो जाऊन 'तू' कधी आलं ते आम्हा दोघींनाही कळलं नाही. त्या 'तू'चा मला फार आधार वाटला.

बोलणं सुधारलं, मी बोर्डावर परत गेले. पण कॉलनीत बायका थांबून बघायच्या. "अगं, तुझ्या पोरीला लावायचं वय, आन् तू लावलंस व्हय?" दर खाण्यानंतर बारीक ब्रशनं एकेक चौकट घासायची. ऑफिसच्या नळावर मी एवढा वेळ उभी असायचे की मागे रांग लागायची. आणि प्रज्ञा एकदा दप्तर भरता भरता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई, तू गॅदरिंगला नको येऊस. मुलं म्हणतात तुझी आई शाळेत जाते का." मी गेले नाही. तिचा नाच गौतमनं पाहिला. बाकी कशाहीपेक्षा ते मला जास्त लागलं. ती लहान होती, तिच्या मनात काही नव्हतं, पण ते लागलं.

दरड

दुसऱ्या पावसाळ्यात एका सकाळी ब्रशला रक्त दिसलं. डाव्या दाताशी हिरडी फुगली होती, दुपारपर्यंत ओठ सुजला. त्याच दिवशी ये, असं मॅडम म्हणाल्या होत्या. आणि पाटणच्या अलीकडे रस्त्यावर दरड आली होती. गाड्या बंद. कधी सुरू होतील ते कुणी सांगेना.

मी कॉटवर बसून होते. मनात म्हणत होते, संपलं. चारही जाणार. आईसारखंच. गौतम पाळीवरून आला, भिजलेला. माझं तोंड बघितलं. म्हटलं, हा आता म्हणेल, मी आधीच सांगितलं होतं.

"चप्पल नको, बूट घाल," तो म्हणाला. "दरडीपर्यंत जीप जाती. पुढं चालू. पलीकडनं गाडी मिळंल."

"आणि नाही मिळाली तर?"

"तर कऱ्हाडापतूर चालू. उठ."

प्रज्ञाला शेजारी ठेवून आम्ही निघालो. दरडीवर लाल चिखल, मधे उपटलेली झाडं. लोक एकेक करून पलीकडे जात होते. गौतम पुढे, त्यानं मागे केलेला हात मी धरलेला. मधेच माझा पाय पोटरीपर्यंत रुतला आणि बूट आतच राहिला. मी रडायला लागले, बुटासाठी नाही. तो वळला, त्यानं चिखलात हात घालून बूट काढला, झटकला आणि म्हणाला, "दवाखान्यात मान्सं मरत्यात म्हनून मी तुला घरात बसवत हुतो. घरात बसूनबी कुठं काय ऱ्हातंय? चल." एरवी तो कॉलनीतलं शुद्ध बोलायचा. घाबरला की त्याच्या गावाकडचं बाहेर यायचं. तेव्हा मला कळलं की तोही घाबरलाय.

पलीकडे एका ट्रकवाल्यानं कऱ्हाडपर्यंत सोडलं. सांगलीला पोहोचलो तेव्हा दवाखाना बंद व्हायची वेळ झाली होती. मॅडमनी सूज फोडली. हिरडीच्या आत शेंगदाण्याच्या टरफलाचा एवढासा तुकडा निघाला. एवढासा. मी रोज नळावर उभी राहून घासत होते, तरी.

"हा दात मी धरून ठेवू शकत नाही," त्या म्हणाल्या. "बाकीचे तीन पक्के होतायत, हा त्यांनाही खराब करेल. पण तुझा दात आहे. काढू?"

इतके महिने ज्या प्रश्नाला घाबरत होते तो समोर आला होता. मी गौतमकडे पाहिलं. तो जवळ सरकून उभा राहिला.

"काढा," मी म्हटलं.

तो इतक्या सहज निघाला की मला कळलंसुद्धा नाही. मॅडमनी वाटीत ठेवला. मी तो मागून घेतला आणि तळहातावर धरला. लांबलचक मूळ. खूप वर्षं कामाला आलेला.

नंतर

तारा त्यानंतरही बरेच महिने होत्या. सरांनी तीन दात सावकाश ओढून आणले आणि मधली जागा नेमकी एका दाताची ठेवली. तिथे खोटा दात शेजारच्या दातांना मागून चिकटवला. तारा काढल्या त्या दिवशी दातांच्या मागच्या बाजूनं एक बारीक तार कायमची बसवली. मी विचारलं, "म्हणजे आता बरं झालं?"

मॅडमनी नेहमीसारखंच खरं सांगितलं. "थांबलंय. बरं झालं असं मी म्हणणार नाही. दर तीन महिन्यांनी येत राहा."

मी जाते. अजून दर वेळी घाबरते.

मला बायका विचारतात, तारा चांगल्या की प्लेट? मला वाटतं या प्रश्नाला एकच एक उत्तर नाही. एखाद्याच्या हिरड्या धडधाकट असतील तर त्याला प्लेट पुरेल. दुसऱ्याला तारांशिवाय इलाज नसेल. मी चुकीचं निवडलं होतं का, हे मला आजही माहीत नाही. कदाचित आधीच तारा लावल्या असत्या तरी तो दात गेलाच असता. पण एवढं सांगते, दात सरळ करायच्या आधी हिरड्या दाखवा. घासताना रक्त आलं तर ब्रशला दोष देऊ नका. आणि कोणी 'सगळे काढू' म्हणालं तर अजून एका डॉक्टरला दाखवल्याशिवाय दात काढायला तोंड उघडू नका. लाज वाटेल. दातांसाठी कोणी रडतं का, असं वाटेल. रडावं. मी भरपूर रडले.

गेल्या महिन्यात प्रज्ञाला सांगलीला नेलं. ती आता सातवीत आहे. मी ते दोन वर्षं टाळत होते, आज परीक्षा, उद्या पाऊस. मॅडमनी तिला खुर्चीत बसवलं, दिवा खाली ओढला. मी तिच्या शेजारी उभी राहून तिचा हात धरला, "घाबरू नकोस हं, काही दुखत नाही," असं म्हणत. सळई एकेका दाताभोवती फिरत होती. मी त्यांच्या कपाळाकडे बघत होते, आठी पडते का.

मग त्यांनी दिवा वर ढकलला. "हिचं आज तरी छान आहे. वर्षातून दोनदा आण, आपण लक्ष ठेवू."

प्रज्ञा खुर्चीतून उतरली, माझ्याकडे बघत हात झटकायला लागली.

"आई," ती म्हणाली, "दात काही दुखले नाहीत. तू हात केवढा आवळलास!"